घरचा सर्व्हर घरच्यांपुरता ठेव, मंडळाचं बिऱ्हाड त्यावर नको

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात, वाडी भागात राहणाऱ्या एका मुलाकडे विंडोज १० बंद झाल्यामुळे बाजूला पडलेला जुना थिंकपॅड आहे. सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून तो घरी चोवीस तास चालू ठेवायचा, आईबाबांच्या फोनमधले फोटो त्यावर घ्यायचे, आणि त्याच यंत्रावर आपल्या मराठी वाचक मंडळाच्या चाळीसेक सभासदांसाठी मास्टोडॉन (ट्विटरसारखं, पण आपल्याच सर्व्हरवर चालवता येणारं समाजमाध्यम) उघडायचं, म्हणजे व्हॉट्सॲपच्या कलकलाटातून सुटका. ‘काका, जमेल का? सुरुवात कुठून करू?’

काका म्हणतोस, तर मीही अरेतुरेच करतो. फोटोंचं जमेल, जरूर कर. मंडळाचं मास्टोडॉन मात्र त्या लॅपटॉपवर नको. यंत्र कमी पडेल म्हणून नाही म्हणत. चाळीस माणसांना ते पुरून उरेल. अडचण वेगळीच आहे आणि ती नीट सांगायला जरा जागा लागेल. मकरपुऱ्यातल्या लहान कारखान्यांची नेटवर्कं सांभाळणं हा माझा पोटाचा धंदा आणि घरचे सर्व्हर हा नाद, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी यंत्र. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे तुझ्यासारखे कितीतरी धडधाकट लॅपटॉप कपाटात जाऊन बसलेत. घरच्या सर्व्हरला याहून चांगलं काही नाही. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्यायचा मोह होईल, पण पाय, अडॅप्टर, डबी, एसएसडी असं सगळं जोडत गेलं की खर्च वाढतो. आणि खर्च वाचवायला सिस्टिम एसडी कार्डावर ठेवली, तर सततच्या लिहिण्याने ते कार्ड कधीतरी दगा देतं. लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, पडदा आहे, कीबोर्ड आहे आणि बॅटरीच्या रूपात फुकटचा यूपीएसही आहे.

विजेचा हिशोब सोपा आहे. रिकामा बसलेला असा लॅपटॉप पडदा बंद असताना १५ वॅटच्या आतबाहेर खातो. १५ वॅट, चोवीस तास, तीस दिवस म्हणजे १०.८ युनिट. बिलावर जो दर असेल त्याने गुण. हेच काम जुन्या ७० वॅटच्या डेस्कटॉपवर केलंस तर महिन्याला ५० युनिट जातात आणि बाबा दुसऱ्याच बिलाला तो बंद करायला लावतात.

कुठलं लिनक्स, यावर लोक रात्र रात्र भांडतात. मी भांडत नाही: डेबियन टाक. १९९३ पासून चालू आहे, कोणा कंपनीच्या मालकीचं नाही, आणि स्थिर आवृत्तीला एलटीएस (लांब मुदतीचा आधार) धरून पाचेक वर्षं सुरक्षा सुधारणा मिळतात. सध्याची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. उबुंटूची एलटीएस हाताखालची असेल तर तीही चालेल. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढून टाक, एसएसएचची (दुसऱ्या यंत्रावरून सर्व्हरवर शिरायची सोय) ठेव. सर्व्हरसाठी लिनक्स जितकं कंटाळवाणं तितकं बरं. नवं काही रोज करून बघायची खाज असेल तर ती दुसऱ्या यंत्रावर भागव.

इन्स्टॉल झाल्यावर लॅपटॉपचे दोन खास सोपस्कार असतात. झाकण मिटलं की यंत्र झोपतं. सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणारा कारभारी) लॉगिनच्या सेटिंगमध्ये झाकणाकडे दुर्लक्ष करायला सांग. दुसरं, बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर ठेवली की ती लवकर म्हातारी होते आणि कधीकधी फुगते. थिंकपॅडमध्ये चार्जिंग अमुक टक्क्यांवर थांबवायची सोय लिनक्समधूनच आहे, ती ७० ते ८० च्या दरम्यान लाव. तरी दोन-तीन महिन्यांनी लॅपटॉप उलटा करून तळ सपाट आहे ना ते बघत जा. टचपॅड वर आल्यासारखं वाटलं तर बॅटरी तेव्हाच काढायची, उद्यावर ढकलायचं नाही.

एसएसएचला पासवर्डने प्रवेश बंद कर आणि किल्लीनेच, म्हणजे तुझ्या यंत्रात जपलेल्या गुप्त फाइलनेच, ठेव. सुरक्षा सुधारणा आपोआप बसतील असं कर. आणि एक खड्डा, ज्यात जाणती माणसंही पडतात: यूएफडब्ल्यू हा फायरवॉल लावून ‘सगळं बंद’ केलं की आपण निर्धास्त होतो, पण डॉकरने (प्रत्येक सेवा वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) उघडलेले पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात, कारण डॉकर स्वतःचे नियम थेट कर्नलच्या फायरवॉलमध्ये आधीच्या जागी घालतो. म्हणून डॉकरमधली प्रत्येक सेवा फक्त १२७.०.०.१ या, यंत्राच्या आतल्या आत चालणाऱ्या पत्त्यावर बांधायची आणि पुढे दारवान म्हणून कॅडी किंवा एनजिनेक्स हा वेब सर्व्हर उभा करायचा.

ठेवायचं कुठे? बडोद्यात हा प्रश्न पुण्या-बंगळुरूपेक्षा अवघड आहे. वरच्या मजल्यावर गच्चीखालची खोली मे महिन्यात भट्टी होते. बाहेर ४२-४३ अंश असताना स्लॅबखाली रात्रीही गरमच असतं, आणि झाकण मिटलेल्या लॅपटॉपचा पंखा रडत बसतो. तळमजल्यावर गार आहे, पण तिथे पुरात विश्वामित्री नदी येते. ऑगस्ट २०२४ मध्ये काय झालं ते तू पाहिलंच आहेस. तेव्हा मधल्या मजल्यावर, हवा खेळत्या फळीवर, माणसाच्या छातीच्या उंचीला. टीव्हीच्या कपाटात, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नकोस.

लाइट गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो पण राउटर जातो, हे बऱ्याच जणांच्या नंतर लक्षात येतं. फायबरची डबी आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घे. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर आहे का ते बघ. आणि उत्तरायणात दोन-तीन दिवस सर्व्हर बाहेरून दिसला नाही तर लगेच कॉन्फिगरेशनला हात घालू नकोस. खांबावरून खांबावर लोंबणाऱ्या केबलीत मांजा अडकतो, वरून कोणीतरी ओढतो. आधी खिडकीतून बाहेर बघ.

आता नेटवर्क. नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आयपीव्ही४ हे इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगातच संपत आल्यामुळे घरगुती जोडण्यांवर कंपन्या एका पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. तपासणं सोपं: राउटरच्या पानावर दिसणारा डब्ल्यूएएन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ विचारल्यावर बाहेरची साइट सांगते तो पत्ता ताडून बघ. वेगळे असतील, त्यातून राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तू सीजीनॅटमागे आहेस. मग राउटरमध्ये पोर्ट कितीही फॉरवर्ड केलेस (बाहेरून आलेलं घरातल्या यंत्राकडे वळवलंस) तरी बाहेरून काही येणार नाही. यूट्यूबवरचे पोर्ट फॉरवर्डिंगचे व्हिडिओ बघत डोकं आपटणारे बहुतेक जण याच भिंतीवर आपटत असतात.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, जोडणीवर येत असेल तर घरातल्या प्रत्येक यंत्राला खरा जागतिक पत्ता मिळतो. मात्र राउटर बाहेरून येणारी वाहतूक सहसा अडवून धरतो आणि तसं असणंच योग्य आहे. शिवाय समोरच्याकडे फक्त आयपीव्ही४ असेल तर त्याला तू दिसणारच नाहीस. स्टॅटिक आयपी वेगळ्या भाड्याने मिळतो, बऱ्याच ठिकाणी फक्त व्यावसायिक जोडणीवर. आणि घरगुती जोडणीच्या करारात सर्व्हर चालवण्याबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाच.

पण मुळात फोटोंसाठी घर जगाला उघडायची गरजच काय? वायरगार्ड, म्हणजे दोन यंत्रांमधली कुलूपबंद नळी (व्हीपीएन), मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्येच आला. त्याच्यावर उभारलेलं टेलस्केल लॅपटॉपवर, तुझ्या फोनवर आणि आईबाबांच्या फोनवर टाक. सीजीनॅट असो नसो, यंत्रं एकमेकांना शोधून काढतात. सगळ्यांची ओळख ठेवणारा मधला सर्व्हर टेलस्केल कंपनीचा असतो, ते नको वाटलं तर पुढे हेडस्केलकडे, म्हणजे तोच मधला सर्व्हर स्वतः चालवण्याकडे, जाता येईल. क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनल (घरचा सर्व्हर त्यांच्यामार्फत जगाला दाखवायची सोय) पुष्कळ जण सुचवतील. तो चालतो, पण त्यात एन्क्रिप्शन त्यांच्या दारात उघडतं, म्हणजे तुझे फोटो त्यांच्या हातून जातात. आणि फुकटच्या योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. बारशाच्या व्हिडिओला ते पुरायचं नाही.

फोटोंसाठी इमिच, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवरचं गूगल फोटोज. १ जून २०२१ ला गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण संपली, १५ जीबीच्या फडताळात सगळं कोंबावं लागलं, तेव्हापासून अशा सॉफ्टवेअरला दिवस आले. इमिचची २.० ही स्थिर म्हणून जाहीर झालेली आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. चेहरे ओळखतं, तारखा लावतं, नकाशा दाखवतं, आणि हे सगळं तुझ्याच यंत्रावर. ८ जीबीत चालतं. पहिल्यांदा जुने फोटो भरशील तेव्हा चेहरे शोधायला एखाद-दोन रात्री लागतील, पंखा ओरडेल, घाबरू नकोस. नेक्स्टक्लाउडही (फाइली, कॅलेंडर सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घालावंसं वाटेल, पण फक्त फाइली दोन यंत्रांवर सारख्या ठेवायच्या असतील तर सिंकथिंग पुरे. घरच्या सर्व्हरवर जितक्या सेवा कमी तितकी तुझी रविवारची झोप जास्त.

बॅकअपचा जुना नियम ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. दोन डिस्क एकमेकींच्या आरसा करून लावणं म्हणजे बॅकअप नव्हे; चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडे एकाच क्षणी पुसली जाते. रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची सॉफ्टवेअर वापर, दोन्हींत प्रत कुलूपबंद करून ठेवता येते. आणि ‘घराबाहेर’ म्हणजे किती बाहेर याचा बडोदेकराने वेगळा विचार करावा. अकोट्यातल्या घराची प्रत समा भागातल्या मामाकडे ठेवली, तर एकाच पुरात दोन्ही जाऊ शकतात. प्रत पुण्याला मावशीकडे असू दे, नाहीतर भाड्याच्या साठवणीत. वर्षातून एकदा तरी त्या प्रतीतून खरोखर फोटो परत आणून बघ. परत आणून न पाहिलेली प्रत मी मोजत नाही.

इथवरचं सगळं तुझ्या घरचं होतं. बिघडलं तर आई दोन दिवस कुरकुर करेल, तू रविवारी दुरुस्त करशील. मास्टोडॉन उघडलंस की हे चित्र बदलतं.

बडोद्याच्या माणसाला फेडरेशन, म्हणजे स्वतंत्र सर्व्हरांनी आपसांत जोडलेलं असणं, समजावायला सयाजीरावांची वाचनालयं पुरतात. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणलं, मध्यवर्ती वाचनालय उभं केलं आणि गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं. गावाने वर्गणी काढायची, त्यात प्रांत पंचायत आणि सरकार भर घालणार. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावागावांत फिरणार. मास्टोडॉनचा प्रत्येक सर्व्हर असाच एका गावचं वाचनालय आहे: कारभार त्याचा, नियम त्याचे, आणि मजकूर मात्र एकमेकांकडे फिरतो. ज्या भाषेत हे सर्व्हर बोलतात ते ॲक्टिव्हिटीपब जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाण म्हणून मान्य केलं. फरक इतकाच की इथे भर घालणारं सरकार नाही. वर्गणी आटली किंवा कारभारी कंटाळला की कुलूप लागतं, आणि आत ज्यांची खाती होती ते रस्त्यावर येतात.

मास्टोडॉन ऑयगेन रोख्कोने २०१६ मध्ये आणलं. आपल्याकडे पहिली मोठी लाट नोव्हेंबर २०१९ मध्ये आली, ट्विटरने एका ज्येष्ठ वकिलांचं खातं बंद केल्यावरून लोक चिडले तेव्हा. दुसरी २०२२ च्या अखेरीस, मस्कने ट्विटर घेतल्यावर. माझ्या ओळखीतले बहुतेक जण दोन्ही वेळा महिन्या-दोन महिन्यांत परतले. सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं तिथे नव्हती. तुझ्या मंडळाचंही हेच होईल अशी मला दाट शंका आहे. चाळीसपैकी पाच जण उत्साहाने येतील, दोन टिकतील, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा निरोप शेवटी व्हॉट्सॲपवरच जाईल. पण समजा, सगळे आले. तुझं खरं काम तिथून सुरू होतं.

मास्टोडॉनच्या पोटात पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस, रुबी भाषेचा जामानिमा आणि सतत पळणाऱ्या साइडकिकच्या (मागे चालणाऱ्या कामांच्या) रांगा असतात. तुझ्या सभासदांनी बाहेरच्या कोणाला फॉलो केलं की त्या माणसाची चित्रं, व्हिडिओ तुझ्या डिस्कवर उतरतात. डिस्क भरते, तर तिला मुदत लावून साफ करता येतं. त्याचं मला काही वाटत नाही. मला वाटतं ते याचं, की परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवर कोणीतरी टाकलेलं बेकायदा चित्र तुझ्या वाडीतल्या घरच्या डिस्कवर येऊन बसू शकतं, तुला पत्ताही न लागता. मोठे सर्व्हर यासाठी माणसं ठेवतात. तुझ्याकडे तू आहेस आणि तुझी परीक्षा आहे.

मग सुरक्षा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मास्टोडॉनमध्ये एक दोष निघाला, ज्याने दुसऱ्याच्या खात्याचं सोंग घेऊन ते ताब्यात घेता येत होतं. दुरुस्ती निघाली आणि सर्व्हर चालवणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून तपशील दोन आठवडे झाकून ठेवले गेले. म्हणजे त्या दोन आठवड्यांत तू गावाला गेला असतास, लग्नघरात असतास, तरी सर्व्हर अद्ययावत करणं भाग होतं. फोटोंचा सर्व्हर टेलस्केलच्या आत दडलेला असतो, तो महिनाभर थांबेल. जगाला उघडा असलेला थांबत नाही.

लोकांचे खासगी निरोप हाही एक प्रश्न. मास्टोडॉनवरचे खासगी निरोप टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. डेटाबेस ज्याच्या हाती, त्याला ते वाचता येतात. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा नावाच्या सर्व्हरच्या एका व्यवस्थापकाच्या घरी एफबीआयची धाड पडली, ती दुसऱ्याच प्रकरणात. पण त्या वेळी त्याच्याकडे सर्व्हरच्या डेटाबेसची कुलूप नसलेली प्रत होती आणि उचललेल्या सामानात तीही गेली. आपल्या घरी धाड पडेल असं मी म्हणत नाही. साधी चोरी झाली, लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तरी चाळीस घरांच्या गोष्टी त्यात आहेत. तेव्हा जे काही ठेवशील ती डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, फोटोंसाठीसुद्धा.

कायदाही आहे. मी वकील नाही, पण इतकं कळतं: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९ वं कलम इतरांचा मजकूर ठेवणाऱ्याला जे संरक्षण देतं ते अटींसह देतं, आणि २०२१ च्या नियमांमधली प्राथमिक खबरदारी फक्त बड्या कंपन्यांसाठी नाही. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लावणं, ठरलेल्या मुदतीत तक्रार हाताळणं, आदेश आल्यावर मजकूर काढणं हे लहानालाही आलंच. ५० लाख वापरकर्त्यांची रेषा आहे, पण ती ज्यादा जबाबदाऱ्यांसाठी. ‘आमचं तर घरगुती मंडळ’ हे उत्तर तुला घरच्या फोटोंपुरतं देता येईल, खाती उघडून बसल्यावर नाही. आणि मंडळात एका सभासदाने दुसऱ्याबद्दल काही लिहिलं, तर तो मजकूर काढायचा की ठेवायचा हे तू ठरवणार. दोघांपैकी एक जण तुझ्या आत्याचे दीर निघतील. वाडीत राहतोस, तुला सांगायला नको.

मास्टोडॉन प्रकल्प आपल्या अधिकृत यादीत सर्व्हर घेताना चार गोष्टी मागतो: द्वेष पसरवणाऱ्या मजकुराविरुद्ध चालू देखरेख, रोजचा बॅकअप, तुझ्याखेरीज आणखी किमान एका माणसाच्या हाती तातडीचा प्रवेश, आणि बंद करायचं झाल्यास तीन महिने आधी सूचना. यादीत जायचं नसलं तरी स्वतःला हे चार प्रश्न विचार. तिसऱ्यावर बहुतेक हौशी अडतात. तुला बाहेरगावी नोकरी लागली तर तुझ्या घरी, तुझ्या आईच्या परवानगीने, रात्री अकराला येऊन एसएसएच करणारा मंडळातला दुसरा माणूस कोण? तो नसेल तर चाळीस जणांना बोलावू नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

मग मंडळाने फेडिव्हर्सवर, म्हणजे मास्टोडॉनसारख्या जोडलेल्या सर्व्हरांच्या जगात, जाऊच नये का? जावं की. मंडळाला खाती वाटायची गरज नाही, स्वतःचा आवाज हवा आहे. माझा सल्ला: मंडळाची साधी वर्डप्रेस साइट भाड्याच्या होस्टिंगवर घ्या, त्यावर पुस्तकांची परीक्षणं, कार्यक्रमांचे वृत्तांत टाका, आणि ॲक्टिव्हिटीपबचं प्लगइन बसवा. ते २०२३ पासून वर्डप्रेस डॉट कॉमवाल्या ऑटोमॅटिक कंपनीच्या छत्राखाली आहे. प्लगइन चालू केलं की साइटच मास्टोडॉनवरून फॉलो करता येते. लेख तिकडे पोचतो, तिकडची उत्तरं खाली प्रतिक्रिया म्हणून येतात. सभासदांपैकी ज्यांना मास्टोडॉन हवं ते कुठल्याही चालू सर्व्हरवर खातं काढतील. ज्यांना नको ते साइट वाचतील, दुवा व्हॉट्सॲपवर फिरेलच. ज्येष्ठ सभासदांना नवं ॲप शिकवावं लागत नाही, हा यातला सगळ्यात मोठा फायदा.

तुला स्वतःला हौस असेल, आणि ती आहे हे प्रश्नावरूनच दिसतं, तर स्वतःपुरता एकट्याचा सर्व्हर चालव. त्यासाठी मास्टोडॉन नको, गोटूसोशल घे. गो भाषेत लिहिलेला एकच प्रोग्राम, एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवर चालतो, काही शे एमबी रॅम खातो. स्वतःचा चेहरा नाही, मास्टोडॉनची ॲप्सच त्याला जोडायची. सुरुवातीला टाइमलाइन रिकामी दिसेल, कारण एकट्याच्या सर्व्हरला जग दिसतं ते फक्त तू ज्यांना फॉलो करतोस त्यांच्या खिडकीतून. धीर धरून माणसं जोडत जा. शोधायला मराठी हॅशटॅग लावणारे कमी, म्हणून ओळखीच्या माणसांच्या फॉलो याद्या चाळणं जास्त उपयोगी. आणि हे सुरू करण्याआधी दुसऱ्याच्या सर्व्हरवर साधं खातं काढून काही महिने नांदून बघ.

गोटूसोशल लॅपटॉपवर ठेवायचं की भाड्याच्या यंत्रावर? सीजीनॅटमागून ते जगाला दाखवायचं तर मुंबई-बंगळुरूतला एखादा छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्याच्यापासून घरापर्यंत वायरगार्डची नळी टाकावी लागते. ते शिकण्यासारखं आहे, शीक. पण व्हीपीएसचं भाडं भरतोच आहेस तर गोटूसोशल त्याच्यावरच का नको? मी तेच करतो. घरचं यंत्र बंद पडलं तरी खातं चालू राहतं. तसंही सर्व्हर थोडा वेळ बंद असला तर बाकीचे पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. मास्टोडॉन साधारण आठवडाभराने तुझा नाद सोडतो. साइटच्या एचटीटीपीएस कुलपासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची काळजी नको, लेट्स एन्क्रिप्टकडून कॅडी ते आपोआप आणतो आणि नवंही करत राहतो. ईमेल मात्र स्वतः पाठवायचं मनातही आणू नकोस. घरगुती पत्त्यांवरून गेलेलं मेल बहुतेक ठिकाणी दारातच अडवलं जातं, व्हीपीएसवरूनही त्रासच.

डोमेनचं मात्र आधीच डोकं लावून ठरव, कारण ते पुढे बदलता येत नाही. तुझ्या खात्याची ओळख म्हणजे नाव आणि डोमेन मिळून. इतर सर्व्हर ती तुझ्या किल्ल्यांसकट लक्षात ठेवतात. डेटाबेस गमावून त्याच डोमेनवर कोरं सॉफ्टवेअर बसवलंस तर जुन्या ओळखीचे सर्व्हर तुला भामटा समजतात. खातं दुसरीकडे हलवताना फॉलोअर्स सोबत येतात, लिहिलेलं सगळं मागेच राहतं. गंमत म्हणून कुठल्याही देशाचं डोमेन घेऊ नकोस. क्वीअर डॉट एएफ नावाचा मास्टोडॉन सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये रातोरात गेला, कारण एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन आणि ते आता तालिबानच्या हाती. साधं डॉट इन घे. डॉट भारत देवनागरीत दिसायला सुरेख आहे, पण आतून त्याचं रोमन अक्षरांत विचित्र रूप होतं आणि मास्टोडॉनवर खात्याचं नावही रोमनच लागतं, तेव्हा अर्धं इकडे अर्धं तिकडे होतं. मंडळाचं डोमेन तुझ्या नावावर नको, मंडळाच्या नावावर, आणि नूतनीकरणाची आठवण दोघांच्या ईमेलवर येऊ दे. मराठी मंडळांच्या साइट बुडतात त्या बहुतेक हॅक होऊन नाही. कार्यवाह बदलतात आणि डोमेनचे पैसे भरायचे राहतात.

क्रम असा ठेव. पहिल्या रविवारी डेबियन आणि टेलस्केल, एवढंच. दुसऱ्या रविवारी बॅकअप, हो, फोटोंच्या आधी. मग इमिच. आईच्या फोनवर ॲप टाकशील तेव्हा अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरची बॅटरी बचत काढून टाक, टेलस्केलवरचीही. नाहीतर फोन दोन्ही ॲप झोपवून टाकतो, फोटो चढणं थांबतं, आणि आई ते तुला सांगणार नाही. तिला वाटेल तू ठरवूनच बंद केलंयस.